ताकदीची सलाईन

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकलूजला साखरपुड्याच्या पंगतीत दुसऱ्यांदा बासुंदी घेत होतो. ‘जाऊन ये, मी कुठं पळून चाललेय?’ असं म्हणून तिनंच मला सकाळी पिटाळलं होतं. दीड महिना झाला, पण ते तिनं मुद्दाम केलं असावं, हा संशय काही जात नाही…

संशयाला सुरुवात मात्र माझ्यामुळंच झाली. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर. आमच्या घरची रीत अशी की आजाऱ्याला आजार सांगायचा नाही, तो खचतो. गाठ साधी आहे, दर तीन आठवड्यांनी ताकदीची सलाईन घ्यायची, एवढंच मी सांगितलं. तेही सोलापुरात तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला. ती ‘बरं’ म्हणाली. वाद न घालता ‘बरं’ म्हणणारी आत्या मी जन्मात पाहिली नव्हती. मी सावध झालो. बायको, मेडिकलवाला, आत्याच्या जुन्या विद्यार्थिनी, सगळ्यांवर पाळत ठेवली. कुणी फोडलं असेल?

एकदा सलाईन चालू असताना तिनं आपणहून शिकवायला घेतलं. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे रेणू असतात म्हणाली. बाहेरचा निरोप्या आत शिरत नाही, तो रिसेप्टरला चिकटतो. मग शेजारचे दोन रिसेप्टर एकमेकांना धरतात आणि त्यांची आतली टोकं निरोप हातोहात पुढं देतात, पार केंद्रकापर्यंत… ‘वाढ, एकाचे दोन हो.’ काही पेशींवर ते इतक्या दाटीनं उगवतात की बाहेरून कुणी काही न सांगताच जोड्या जमतात.

“मग थांबवायचं कसं?”

“मध्ये कुणीतरी बसवायचं. जोडी जमू द्यायची नाही.” तिनं बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “ताकद चांगली आहे हं हिची.”

मला घाम फुटला. तिनंच मला पंख्याखाली बसायला सांगितलं.

तेराव्यानंतर कागदपत्रं आणायला दवाखान्यात गेलो, तेव्हा तिथल्या सिस्टरला दरडावूनच विचारलं, आत्याला कुणी सांगितलं?

“सर, संमतीच्या कागदावर सही पेशंटचीच लागते की. मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळं वाचून केली. म्हणाल्या, भाच्याला कळू देऊ नका, तो लई घाबरतो.”

म्हणजे घरची रीत तिनंच पाळली होती, आजारी फक्त मी होतो.

तिची खोली आता रिकामी आहे. तरी दारावरून जाताना मी फोनवर हळू बोलतो… आत ती कान देऊन बसलीय, असा मला दाट संशय आहे.