तिचा विषय, माझ्या घरच्या आठळ्या

ती महाडच्या ट्रकवाल्याची लेक, मी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. महाडच्या कॉलेजात आम्ही दोघींनी बी.एस्सी. केलं आणि दोन हजार सालच्या आसपास वरंध घाटातून जाणाऱ्या एकाच एसटीनं एम.एस्सी.साठी पुण्याला गेलो. खोली एक, स्टोव्ह एक. ईदला तिच्याकडचा शीरखुर्मा मी ओरपायची, गणपतीत माझ्याकडचे मोदक ती. मत्सर तेवढा माझा एकटीचा होता.

दुसऱ्या वर्षाला ग्लायकोबायोलॉजी हा खास विषय होता. पेशींच्या अंगावर साखरेचे रेणू असतात, त्यांचा अभ्यास. एकाचं रक्त दुसऱ्याला का चालत नाही, जंतू नेमक्या कोणत्या पेशीला जाऊन चिकटतो, याची उत्तरं त्या साखरेत सापडतात, हे पहिल्या वर्षी एका तासाला ऐकलं आणि मी तिथंच ठरवून टाकलं की आपण हेच शिकायचं. पण प्रयोगशाळा लहान, जागा मोजक्या, आणि त्या गुणांवर. शेवटची जागा तिला मिळाली. तिच्या मागचा नंबर माझा होता.

मला औद्योगिक किण्वन, म्हणजे कारखान्यातलं आंबवण्याचं शास्त्र, घ्यावं लागलं. विभागप्रमुख समजूत घालत म्हणाले, "तुमच्याकडे एमआयडीसी आहे ना? दारात नोकरी!" शिफ्टच्या बसगाड्या बघतच मी कॉलेज केलं होतं. त्यांत बसायला घाट चढून यायची काय गरज होती?

बरं, तिला त्या विषयाची हौस होती म्हणावं, तर तेही नाही. मिळाला म्हणून घेतला. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ती मला दिवसभराचं शिकलेलं सांगायची, आणि मी नको नको म्हणत सगळं ऐकायची. मध्येच ती एखादी गोष्ट चुकीची सांगायची. मी दुरुस्त करायची. "तूच यायला हवं होतंस गो," ती हसून म्हणायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी मात्र मी वेगळंच सांगितलं होतं. आईच्या लेखी माझ्याहून हुशार पोरगी आख्ख्या तालुक्यात नव्हती. तिला मी सांगून ठेवलं होतं की साखरेचा तो मोठा अभ्यास मीच करते. आईनं ते वाडीभर केलं होतं.

मग तो प्रयोग आला. काही बियांमध्ये साखर ओळखून धरून ठेवणारी प्रथिनं असतात, फणसाच्या आठळीतसुद्धा. कच्ची आठळी वाटून, गाळून तो अर्क रक्ताच्या थेंबात घातला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. आमच्या खोलीतल्या बाईसाहेब सरांना म्हणाल्या, "आठळ्या मी आणते!" आणणार कुठून? माझ्या घरून.

गणपतीला घरी गेले तेव्हा आईनं उन्हाळ्यात मातीत घोळून ठेवलेल्या आठळ्या होत्याच. "मैत्रिणीला हव्यात," एवढंच मी सांगितलं. प्रयोगाचं नाव काढलं असतं, तर तो मी का करत नाही, हे सांगावं लागलं असतं. निघताना आईनं पुरचुंडी दिली, ती मी पुण्यात न उघडताच मैत्रिणीच्या हातात ठेवली.

"अगं, ह्या तर उकडल्यात! मीठ घालून!"

परक्याच्या पोरीला मातीनं भरलेल्या आठळ्या द्यायला आईचं मन झालं नव्हतं. उकडलेल्या आठळीचा प्रयोगाला काडीचा उपयोग नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ती त्या तशाच वर्गात घेऊन गेली. सरांसकट सगळ्यांनी चवीनं खाल्ल्या, आणि कौतुक झालं तिचं.

"आता मीच येते काकींकडे," ती म्हणाली. मी पाऊस सांगितला, बस बंद असते म्हणून सांगितलं. ती महाडची, तिला कोणती बस कधी सुटते ते माझ्याहून जास्त ठाऊक. पुढच्याच शनिवारी आम्ही वाडीत हजर.

आईनं नाचणीच्या भाकऱ्या केल्या. जेवता जेवता मैत्रिणीनं तिला सगळा प्रयोग समजावून सांगितला, गुठळ्यांसकट. आई ऐकत होती. मग तिनं विचारलं, "पन पोरी, आठल्या तुला कशाला गो? साखरेचा अभ्यास तं आमची करते ना?"

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे. तिला सगळं कळलं.

"हिचाच तो अभ्यास, काकी," ती म्हणाली. "मी हिच्या हाताखाली शिकते. म्हणून तर हिनं मला आठळ्या आणायला धाडलं."

आईचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. तिनं मैत्रिणीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली, "शिक हो नीट. आमचीच्या हाताखाली हायस, काय कमी पडायचा नाय."

"हो काकी," ती म्हणाली, आणि भाकरी मोडून खाऊ लागली.

जागा तिनं नेली होती, तेव्हा निदान तिच्यावर रागावता तरी येत होतं. आता तीही सोय उरली नाही.