बुचकाकांचे झरोके

वाऱ्याशी ज्याचं उभ्या जन्माचं वैर, त्या माणसाला सगळी गल्ली बुचकाका म्हणायची. खिडक्यांना काचा बसवायच्या, चौकटीच्या फटी पुट्टीने भरायच्या, दारांना कडेने रबराची पट्टी लावायची, हा त्यांचा धंदा. काम संपलं की काका घरमालकाला शेजारी उभं करायचे आणि जळती काडी चौकटीच्या कडेकडेने फिरवायचे. ज्योत जराही हलली नाही की म्हणायचे, "बघा, आता वाऱ्याच्या बापाची बिशाद नाही आत यायची." लोक माना डोलवायचे. काकांना मजुरीपेक्षा ती डोलणारी मान जास्त गोड लागायची, हे त्यांनी कबूल केलं नसतं, पण खरं होतं.

आणि याच बुचकाकांच्या स्वतःच्या घरात, काकूंच्या उशाशी असलेली खिडकी वर्षानुवर्षं खडखडत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. काकूंनी उमेदीची वर्षं एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली होती. ओल्या चादरी पिळून पिळून बोटांचे सांधे कामातून गेले होते, जरा गारवा लागला की बोटं पांढरीफटक पडायची. "अहो, तेवढी खिडकी बघा ना," असं त्या दर हिवाळ्यात म्हणायच्या आणि काका दर हिवाळ्यात म्हणायचे, "या रविवारी नक्की." शेवटी काकूंनी सांगणं सोडलं. फटीत जुन्या साडीची चिंधी कोंबून झोपू लागल्या. काकांनी ती चिंधी रोज पाहिली आणि रोज दुसरीकडे बघितलं.

धुलाईखान्याच्या मागून कालवा जायचा. जेवणाच्या सुट्टीत काकू मागच्या पायरीवर बसून जाणाऱ्या बोटी बघायच्या. काकांनी काम थांबवलं त्या वर्षी त्यांनी विचारलं, "काय हवंय तुला?" काकू लगेच म्हणाल्या, "बोटीतून जायचंय. कालवा संपतो तिथपर्यंत." म्हणजे कालव्याने, मग नदीने, पुन्हा कालव्याने, अख्खा हिवाळा पाण्यावर. अख्खा हिवाळा उघड्या वाऱ्यात काढायचा, हे काकांना मुळीच नको होतं. पण एवढ्या वर्षांत बाईने दोनच गोष्टी मागितल्या होत्या आणि त्यातली एक दिली नव्हती. ते हो म्हणाले.

बोट भाड्याची होती, लांबट आणि अरुंद. आत एक पलंग, एक बाक आणि कोळशाची लोखंडी शेगडी. तिचं धुराडं छपरातून वर गेलं होतं. भिंतींत खाली दोन आणि वर दोन असे मुठीएवढे झरोके होते. बोटवाल्याने सगळं दाखवलं, दोर कसा बांधायचा, सुकाणू कुठे वळवायचं. मग झरोक्यांवर बोट ठेवून म्हणाला, "हे मात्र कधी बंद करायचे नाहीत. शेगडी पेटलेली असताना तर नाहीच नाही. आतला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. माणूस झोपतो तो झोपतोच."

"कळलं," काका म्हणाले. काकूंनीही मान हलवली. पण काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. भिंतीला भोकं पाडून ठेवायची आणि वर शहाणपण शिकवायचं, तेही कुणाला, तर बुचकाकांना!

पहिला दिवस छान गेला. काकू बाहेर बाकावर शाल गुंडाळून बसल्या आणि काठावरची झाडं, पूल, वाळत घातलेले कपडे बघत राहिल्या. "त्या चादरी नीट पिळलेल्या नाहीत," एवढंच मधूनच म्हणाल्या आणि हसल्या. पण ऊन उतरलं तशी पाण्यावरची थंडी आत शिरली. खालच्या झरोक्यातून आणि खिडकीच्या फटीतून येणारी गार झुळूक नेमकी पलंगावर यायची. सकाळी काकूंना चहाचा कप धरवेना. त्यांनी कप खाली ठेवला. पिशवीतून एक चिंधी काढली आणि खिडकीच्या फटीत कोंबू लागल्या.

ती चिंधी बघून काकांना या वेळी दुसरीकडे बघता आलं नाही.

"ठेव ती," ते म्हणाले. "आज मी बघतो."

हत्यारांची पेटी ते घेऊन आलेच होते. बोट काठाला बांधून दिवसभर ते कामाला लागले. खिडक्यांना पट्टी, दाराला पट्टी, जोडांमध्ये पुट्टी. काकू काठावर फिरायला गेल्या तेव्हा त्यांनी चारही झरोक्यांवर पत्र्याचे तुकडे बसवून कडा भरून टाकल्या आणि पुढे पडदे ओढले. मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण धुराडं आहे की धूर जायला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. शिवाय थंडी ओसरली की काढायचेच होते. मग काडी पेटवून फिरवली. ज्योत खिळून उभी राहिली.

काकू परतल्या, आत आल्या आणि दारातच थांबल्या. "अगबाई, किती ऊब आहे हो!" म्हणाल्या. काकांना वाटलं, आपण आजवर केलेलं सगळं काम एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्यात.

त्यानंतर काकू गाढ झोपू लागल्या. ज्यांना कधी धड झोप लागत नसे, त्यांना सकाळी हलवून उठवावं लागलं. गालांवर लाली चढली. "पाणी मानवलं तुला," काका म्हणाले. डोकं मात्र दोघांचंही ठणकत होतं. काकूंना मळमळायचं. बोट हलते म्हणून असेल, असं दोघं एकमेकांना सांगत. शेगडीच्या काचेवर काजळी धरली होती, आतला जाळ सुस्त आणि पिवळा झाला होता. काकांनी कोळशाला नावं ठेवली.

पुढे पाण्याची पातळी वरखाली करणारे मोठे दरवाजे लागले. ते चालवणारी बाई उंच आणि कमी बोलणारी होती. दोर घेताना ती काकूंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ताई, बरं नाही का?"

"डोकं जरा धरलंय," काकू म्हणाल्या.

"आणि काका, तुमचं?"

"माझंही. वय झालं आता."

"बाहेर आल्यावर उतरतं का?" काका पुढच्या पाण्याकडे बघू लागले. "शेगडी पेटवता ना? झरोके उघडे आहेत ना?"

"उघडेच आहेत की," काका म्हणाले, आणि आपण किती सहज खोटं बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. काकू शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बाईने आपला नंबर एका चिठोऱ्यावर लिहून दिला. "वर पाऊस आहे, पाणी चढेल. दोर ढिला करत राहा," म्हणाली आणि दरवाजे उघडले. बोट पुढे निघाली तरी ती हात कमरेवर ठेवून बघत उभी होती.

दुपारी पावसाने गाठलं. काकांनी बोट काठाला बांधली, शेगडीत कोळसा घातला. काकू पलंगावर आडव्या झाल्या आणि बघता बघता डोळा लागला. काका दार घट्ट ओढून दोर सैल करायला बाहेर आले. गाठ भिजून आवळली होती. ती सोडवण्यात बराच वेळ गेला, पाणी मानेवरून आत शिरलं, आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं की डोकं दुखायचं थांबलंय. पुसलेल्या काचेतून दिसावं तसं सगळं स्वच्छ झालं होतं. बाहेर आल्यावर उतरतं का, असं त्या बाईने विचारलं होतं.

हातातला दोर तसाच टाकून ते धावले. दार ढकललं, हलेना. लाकूड पावसाने फुगलं होतं आणि कडेची पट्टी त्याला घट्ट धरून बसली होती. त्यांच्याच हाताचं काम ते, चोख होतं. त्यांनी हाका मारल्या. आतून काही नाही. खुंटा ठोकायचा हातोडा घेऊन त्यांनी खिडकी फोडली, आणि काच फुटताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. मग खांदा लावला, पुन्हा लावला, आणि दार आत कोसळलं. काकूंना काखेत हात घालून त्यांनी ओढत बाहेर, पावसात आणलं. गाल अजून लालबुंदच होते.

चिठोऱ्यावरचा नंबर बघून त्यांनी दरवाजेवाल्या बाईला फोन लावला. "मी गाडी घेऊन येते," ती ओरडली, "त्यांना आत नेऊ नका! झोपू देऊ नका!"

काका तिथेच बसले. काकूंचं डोकं मांडीवर घेतलं, अंगातला कोट काढून त्यांच्यावर घातला. बऱ्याच वेळाने काकूंचे डोळे अर्धे उघडले.

"अहो, आत घ्या ना मला. गार लागतंय."

"नाही घेणार."

"घ्या ना."

"नाही." काकांनी कोट त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढला. "मी झरोके बुजवलेत गं. चारही. मी खोटं बोललो."

"माहितीय," काकू म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "पडदे झटकताना दिसले मला."

"मग बोलली का नाहीस? त्या बाईसमोर तरी बोलायचंस!"

काकू थोड्या हसल्या. "एवढ्या वर्षांनी माझ्यासाठी बुजवलंत. म्हटलं, राहू दे."

 काका त्यांची पांढरी बोटं आपल्या तळव्यांत चोळत राहिले. "बोल माझ्याशी," म्हणाले. "भांड. शिव्या दे. पण झोपू नकोस."

"आत घ्या ना," काकू पुन्हा म्हणाल्या, या वेळी फार हळू. मग गप्प झाल्या.

काठावरच्या वाटेवर गाडी अजून दिसत नव्हती. पाऊस पडत होता. काकांनी कान काकूंच्या तोंडाजवळ नेला, आणि त्यांनी आणखी एकदा तरी आत घ्यायला सांगावं म्हणून वाट बघत बसले.