फलाट सरला, पोरी

वाशीम स्टेशनातून माझी गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून सोबत चालायला लागले. अकोल्याला गाडी बदलून मला खडगपूरला जायचं होतं, पार बंगालात, रेल्वेच्या नोकरीवर. गाडीनं वेग घेतला तसे ते जवळजवळ पळू लागले आणि फलाटाच्या टोकाच्या उताराशी थांबले. तिथून मोठ्यानं म्हणाले, "फलाट सरला, पोरी. नाही तं आलो असतो अजून."

मला ते खरं वाटलं. कितीतरी वर्षं खरंच वाटत होतं.

तुम्ही गावातले लोक म्हणता, हिचं बरं झालं, सरकारी नोकरी, फिरायला पास. पासाचं राहू द्या, काम ऐका. गाडी आली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डब्यांची चाकं, ब्रेक, पाइप बघत चालायचं. ती गेली की दुसरी येते. खडगपूरचा फलाट एक किलोमीटरच्या वर लांब आहे. एकेकाळी जगात सगळ्यात लांब म्हणायचे, आणि इथले लोक अजून कौतुकानं सांगतात. ज्याला तो रोज चालावा लागतो त्याला विचारा. नऊ वर्षांत पायांची पार वाट लागली. संध्याकाळी क्वार्टरवर आले की आधी बादलीत मिठाचं पाणी, मग चहा. भाजीवालीशी बंगालीत भांडते, शेजारणीशी हिंदीत बोलते. वऱ्हाडी फक्त फोनवर, बाबांशी.

रेल्वेत आपसात बदलीची सोय असते. तिकडचा कोणी इकडे यायला तयार झाला की दोघांनी अर्ज करायचा आणि जागा बदलायच्या. असा माणूस मी आठ वर्षं शोधला. मागच्या वर्षी सापडला. नोकरी पूर्णेला, आमच्या वाशीमच्याच लाइनीवर, घर खडगपूरचं, त्याची आई इथं एकटी. माझी माय गेल्यापासून बाबाही अनसिंगजवळच्या आमच्या खेड्यात एकटेच. त्या माणसानं सही करून कागद पाठवला. माझी सही तेवढी राहिली, हे बाबांना फोनवर सांगितलं होतं.

सांगायला कारण होतं. अशा बदलीत नोकरीची ज्येष्ठता जाते, आणि मला आता कुठं बसून करायचं काम मिळणार होतं. पण खरं कारण ते नाही. तिथं गेले की बाबांचं औषध, शेत, भावकीचे रुसवेफुगवे, सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात. मी आधीच थकले होते. हे लिहायला लाज वाटते, पण थकलेल्या माणसाला लाजसुद्धा जेमतेमच वाटते.

तूर निघाल्यावर बाबा आले, पहिल्यांदाच. मी फलाटाच्या एका टोकाला, ते उतरले दुसऱ्या टोकाला. लहानपणी जत्रेत ते मला सांगायचे, हरवलीस तर आहे तिथंच बसून राहा. स्वतःही तसेच बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. मी घामाघूम होऊन पोचले. म्हणाले, "एवढं कायले लांब बांधलं वं? आपलं अख्खं गाव उभं राहीन, तरी जागा उरन."

चार दिवस राहिले. बदलीचं अवाक्षर काढलं नाही. रोज मी यायच्या आधी बादलीत मीठ टाकून ठेवायचे. परतीची गाडी दुपारची होती, मी ड्यूटीवरून तशीच गेले. खिडकीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "मंग, सही करून राह्यली का?"

"पाहते, बाबा."

आमच्या घरात पाहते म्हणजे नाही. हे त्यांनीच शिकवलेलं.

गाडी हलली. मी गज धरून चालायला लागले, त्यांच्यासारखीच. डोळे पुढं, फलाट कधी संपतो तिकडे. तो काही संपेना. चहाचा स्टॉल गेला, पाण्याचे नळ गेले, आणि मी थांबले. पुढं अजून आमच्या अख्ख्या वाशीम स्टेशनाएवढा फलाट शिल्लक होता. बाबांनी डोकं बाहेर काढून तो पाहिला, मलाही पाहिलं. हात वर करून त्यांनी राहू दे अशी खूण केली.

पोचल्यावर फोन आला. "पाय दुखत होते तुये, म्हणून थांबली. मी गावात तसंच सांगतलं." मी हो म्हटलं. "बरं, जयभीम," म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा कधी त्यांनी सहीचं विचारलं नाही. पूर्णेच्या माणसाला दुसरं कोणी मिळालं.

गेल्या महिन्यात घरी जाऊन आले. आमच्या स्टेशनाचा फलाट आता वाढवलाय, जुना उतार बुजवून पुढं नेलाय. बाबा काठी टेकत सोडायला आले. गाडी हलल्यावर गजाला हात लावून चालले, आणि पूर्वी जिथं उतार होता बरोबर तिथं थांबले.

"फलाट सरला, पोरी."

त्यांच्या पुढं नवा फलाट लांबपर्यंत दिसत होता. दोघांनाही दिसत होता. माझं घर आता तेवढंच उरलंय, त्या जुन्या उताराच्या जागेपर्यंत.

"हो बाबा," मी म्हटलं, "सरला."