मॅसकर आणि अण्णांचं दुकान

आज लातूरला घरी टीव्हीच्या बातम्यांत ‘मॅसकर’ शब्द ऐकला आणि निलंग्यातला आमचा वर्ग आठवला.

इंग्रजीच्या बाई म्हणाल्या होत्या, "मॅसकर म्हणजे माणसांची सरसकट कत्तल. जुन्या फ्रेंच भाषेत खाटीकखान्याला असाच शब्द होता."

मागून एकजण ओरडला, "म्हंजी हिच्या अण्णाचं दुकान!"

सगळा वर्ग हसला. माझे वडील, अण्णा, खाटीक होते.

बाई माझ्या बाकापाशी आल्या. खडूचा वास असलेला हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. "हिचे अण्णा लोकांना जेवू घालतात. माणसं मारणाऱ्यांशी त्यांचं नाव जोडू नका."

एरवी मी दुकान टाळून घरी जायची. त्या दिवशी दुकानात गेले आणि अण्णांचा हात धरून भर बाजारातून घरी आले. बाई, ते तुमच्यामुळं.