कानात बोलायच्या गोष्टी

लग्न होऊन मी आसगावात आले तेव्हा घरात नऊ माणसं होती. आम्हा दोघांना बोलायला वेगळी जागा नव्हती, म्हणून आम्ही हळू बोलायला शिकलो. मी चुलीपुढे बसलेली असायची. हे पाणी प्यायला म्हणून आत यायचे आणि जाता जाता कानाशी वाकून एखादं वाक्य टाकायचे. "हिरव्या साडीत बरी दिसून राहिली." दारात सासूबाई तांदूळ निवडत असायच्या, त्यांना पत्ता नसायचा. मी हसू लपवायला चुलीत फुंकर घालायची.

पुढे दीर वेगळे झाले, दोन मुली झाल्या, घरात जागाच जागा झाली. सवय मात्र गेली नाही. गालातल्या जखमेचंही त्यांनी मला असंच सांगितलं. रोवण्याचे दिवस होते. बायका बांधीत धान लावत होत्या आणि आम्ही शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून शिदोरी सोडत होतो. "गालात आतून टोचून राहिलं व. दोन महिने झाले." वीस वर्षं चघळलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा होता तो. मी त्यांना तोंड उघडायला लावलं आणि पाहिलं. मग माझ्याच्यानं भाकर खाल्ली गेली नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, गाठ मोठी होती. आधी तीन-तीन आठवड्यांनी तीन वेळा सलाईनमधून औषध, मग ऑपरेशन, मग रेडिएशनचा शेक, असं त्यांनी समजावून सांगितलं. औषध चांगलं आहे, पण किडनीला आणि कानाला जड जातं, म्हणाले. "पाणी भरपूर प्यायचं. कानात आवाज यायला लागला, कमी ऐकू आलं, तर त्याच दिवशी सांगायचं. लपवायचं नाही." सुरू करण्याआधी कानांची तपासणीही करून घेतली. काचेची छोटी बंद खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. त्या दिवशी त्यांनी सगळे आवाज ओळखले. बाहेर येऊन म्हणाले, "घ्या, पास झालो."

पहिल्या डोसनंतर आठ दिवस उलट्यांत गेले. नवव्या दिवशी भर दुपारी ते अंगणात उभे राहून इकडेतिकडे पाहू लागले. "इतके रातकिडे कुठं बोलून राहिले?" अंगणात एकही रातकिडा नव्हता. मी तसं म्हटल्यावर चेहरा उतरला. मग जवळ आले आणि कानाशी म्हणाले, "डॉक्टरले सांगू नको. औषध बंद करतील. मंग मी वाचत नाही."

"पण त्यायनं सांगतलं होतं ना अजी," मीही तितक्याच हळू म्हणाले.

"काय म्हनलं?"

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मीच गप्प झाले. कान गेले तर गेले, माणूस राहिला पाहिजे, हे मलाही पटलं होतं.

दुसऱ्या डोसच्या आधी पुन्हा तपासणी झाली. मी काचेबाहेर बसले होते. तपासणाऱ्या बाई आवाज सोडताना मनगट किंचित हलवत होत्या. हे त्यांच्या मनगटाकडे पाहून बटण दाबत होते. मी पाहिलं आणि बोलले नाही.

घरी आल्यावर मात्र धाकटीनं मला गाठलं. तेव्हा ती तिसरीत होती. "आई, बाबा माह्यावर रागावले काय? मी मागून हाका मारते तं ते पाहतच नाहीत." मुलीचा आवाज बारीक, आणि तोच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. त्या दिवसापासून माझं मन लागेना.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या मी सांगून टाकलं. "साहेब, यायले आयकू येत नाही. पहिल्या सलाईनपासून कान वाजून राहिले. मागच्या वेळी बाईचा हात पाहून बटन दाबलं यायनं." हे माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं मीच त्यांना मारायला निघाले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. खुर्ची उलटी फिरवून, काचेकडे पाठ करून पुन्हा तपासणी करायला लावली. कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ होती, मग खाली कोसळली होती. "जाड आवाज शाबूत आहेत. वरचे बारीक गेले, ते परत यायचे नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"मंग औषध बंद?" यांनी घाबरून विचारलं.

"बंद कशाला करतो? त्याच जातीचं दुसरं आहे, कानाला इतका त्रास देत नाही. आधी सांगितलं असतं तर मागचा डोसही तोच दिला असता."

ते वाक्य मी आजवर विसरले नाही. जवळजवळ पाच आठवडे मी गप्प बसले होते.

परतीच्या एसटीत उमरेड येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "बरं केलं तू सांगतलं!" इतक्या मोठ्यानं, की पुढच्या सीटवरच्या बायांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं होतं, आपण हळूच बोललो.

ऑपरेशन झालं, शेक झाला. आता ते बरे आहेत. तोंड पूर्ण उघडत नाही, मऊ भात खातात, शेती पाहतात. कानात मशीन आहे. मशीननं फोनवरचं, दुकानातलं बोलणं कळतं. कुजबूज मात्र कळत नाही. मशीन बसवणाऱ्या पोरीनं सांगितलं, कुजबुजीत गळ्याचा आवाज नसतो, नुसती हवा असते, आणि ती हवा ऐकायची ताकदच गेली आहे.

पुतण्याच्या लग्नात त्यांनी कोसा रेशमाचा पांढरा सदरा घातला होता. किती दिवसांनी अंगावर कपडा शोभून दिसत होता. माझ्यानं राहवलं नाही, मी कानाशी वाकले. त्यांनी कानामागे हात धरला. "काय?" साऱ्या बाया पाहू लागल्या. "काही नाही, जेवले काय म्हनलं," मी मोठ्यानं सांगितलं. ते म्हणाले, "कधीचाच जेवलो." मोठ्यानं सांगता येण्यासारखं सगळं मी त्यांना सांगते. बाकीचं माझ्याजवळच राहतं, आणि ते दिवसेंदिवस वाढत चाललं आहे.

मागच्या वर्षी शेजारच्या गावची एक बाई घरी आली. तिच्या नवऱ्याला तेच औषध सुरू व्हायचं होतं. मी तिला चहा दिला आणि एकच गोष्ट चारदा सांगितली. कान वाजला की त्याच दिवशी सांगायचं, तो नको म्हणाला तरी सांगायचं.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. तिनं वेळेत सांगितलं होतं, औषध बदललं होतं, कान वाचले होते. ती इतकी हळू बोलत होती की मला फोन कानावर दाबून धरावा लागला. "जोरानं बोल ना बाई," मी म्हटलं.

"कशी बोलू ताई? ते बाजूच्या खोलीत हायेत. त्यायले सारं आयकू जाते."

"लय बरं झालं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. आणि तिचा हेवाही केला.