बंगल्यातून फक्त खांब गेला

त्या बंगल्यासमोरून जाताना माझी गाडी अजूनही आपोआप हळू होते. मी तेव्हा चंद्रपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शहरातल्या सगळ्यात महागड्या वस्तीत, इंग्रजांच्या काळात एका लाकूड व्यापाऱ्यानं बांधलेला दुमजली बंगला. खाणीतून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यानं तो पडीक अवस्थेत विकत घेतला आणि सागवानी जिना, रंगीत काचा, फरशी, सगळं मूळ होतं तसं करून घेतलं. पुढं मुलं परदेशात स्थायिक झाली आणि त्यानं बंगला विकायला काढला.

एका सकाळी हे मालक ठाण्यात आले. बंगल्यात चोरी झाली होती. मी स्वतः पंचनाम्याला गेलो. चांदीची भांडी जागेवर, झुंबर जागेवर, भिंतीवरची जुनी घड्याळं चालू. जिन्याशेजारी उभा असलेला माणसाच्या उंचीचा एक कोरीव लाकडी खांब तेवढा नव्हता.

तोही भरदुपारी गेला होता. टेम्पो आला, दोघं उतरले, खांब पॉलिशला न्यायचा आहे म्हणाले. तिथं पॉलिशवाल्यांची ये-जा नेहमीचीच. चौकीदारानं फाटक तर उघडलंच, वर उचलायला हातही लावला. आता तो माझ्यासमोर हात जोडून उभा होता.

"साहेब, मी काऊन चोरी करू? मले चोरीच करायची असती तर चांदी नसती का नेली?"

त्याचं म्हणणं मला पटलं. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी हरतऱ्हेचे चोर पाहिले, पण चांदी ओलांडून लाकूड नेणारा चोर पाहिला नव्हता. गुन्हा दाखल केला आणि तपास स्वतःकडे ठेवला. खरं सांगायचं तर मालापेक्षा त्या माणसाबद्दलच मला उत्सुकता होती.

खबर आली ती आलापल्लीकडून. तिथला एक चहावाला आमच्या हवालदाराच्या ओळखीचा. त्याच्या टपरीवर एक टेम्पो थांबला होता. मागं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट, आणि त्यावर हात ठेवून बसलेली एक बाई. पुढची सीट रिकामी होती, तरी ती मागंच बसली. "मले वाटलं मयत नेऊन राह्यले," चहावाला म्हणाला. "म्हणून मी पैसे नाई घेतले."

बाई म्हटल्यावर मी बंगल्याच्या दलालाला बोलावलं. घर पाहायला एकटी बाई आली होती का, असं विचारलं. त्याला लगेच आठवलं. "आली होती साहेब. लोक पहिले किचन पाहतात, गच्ची पाहतात. ही त्या खांबाजवळच उभी राहिली. वर चला म्हटलं तर म्हणे, पाहिलं मी." बाईनं त्याच्याकडे स्वतःचं खरं नाव आणि खरा फोन नंबर दिला होता. तेही मला नवलाचं वाटलं.

ती वरोऱ्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. महिला अंमलदाराला समोर बसवून मी चौकशी सुरू केली. कसं विचारायचं हे मनाशी ठरवून ठेवलं होतं, पण त्याची गरजच पडली नाही.

"मीच नेला साहेब," ती म्हणाली. "माह्या बापाचा खांब हाय तो."

तिचं गाव एटापल्लीच्या पुढं, जंगलात. वडील मलेरियाच्या फवारणीला जायचे. पाठीवर पंप घेऊन पावसाळ्यात गावोगाव पायी. ते वारले तेव्हा गावाच्या रिवाजाप्रमाणं काकानं त्यांच्या नावानं लाकूड कोरलं आणि गावाबाहेर वाटेवर उभं केलं. काही वर्षांनी खांब तिथून नाहीसा झाला. कोणी सरपणाला नेला असेल, असं घरच्यांनी धरलं. आईनं त्या वाटेनं जाणंच सोडलं. मग एक दिवस रुग्णालयात मैत्रिणीनं मोबाईलवर विक्रीच्या बंगल्याची फिल्म दाखवली, केवढं घर हाय पाय म्हणून. जिन्याजवळ तिला वडील दिसले.

"मग तक्रार द्यायची ना सिस्टर. हे असं काऊन केलं?"

"तुम्ही पावती मागितली असती साहेब. बापाची पावती कोणापाशी असते?"

 मी खरोखरच ती मागितली असती.

पण नुसत्या सांगण्यावर तपास चालत नाही. सरकारी नोकरीतल्या माणसाला अटक झाली की निलंबन ठरलेलं. त्या घरात कमावती ती एकटीच. मी अटक टाळली, चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिली आणि तिच्या गावाहून खांब जप्त करून आणला. मुद्देमालाच्या खोलीत तो उभा राहीना, म्हणून माझ्याच खोलीत कोपऱ्यात ठेवला.

बंगल्याच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'भात्यासह योद्धा, दोनशे वर्षांपूर्वीचा'. मी खांब खिडकीजवळ घेतला. योद्ध्याच्या पाठीवर गोल नळकांडं होतं हे खरं. पण त्यातून एक नळी निघून हाताशी आली होती आणि नळीच्या टोकाला तोटी होती. माझ्या लहानपणी आमच्या घरी फवारणीवाले यायचे. भिंती ओल्या करून जायचे आणि आई दिवसभर त्या वासावर चिडायची. तो पंप मी हजारात ओळखला असता.

बंगल्याची सजावट करणाऱ्या ठेकेदाराला बोलावलं. त्यानं आधी खांब बस्तरचा म्हणून सांगितला, मग कुठल्या तरी राजाचं नाव सांगितलं. मी त्याला खांबाजवळ नेलं आणि विचारलं, "राजाच्या सैन्यात मलेरियाचा पंप होता का?" त्यानं वाकून नळी आणि तोटी पाहिली. मग जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचं नाव दिलं. व्यापारी दुसऱ्या दिवशी कबूल झाला. रस्त्याच्या कडेला उभा होता, बेवारस समजून उचलला, असं त्याचं म्हणणं. त्याच्यावर वेगळा गुन्हा दाखल झाला.

राहिला प्रश्न बंगल्याच्या मालकांचा. फिर्याद त्यांची होती आणि त्यांची तयारी असेल तर न्यायालयाच्या परवानगीनं ती मिटणार होती. मी मालक आणि परिचारिका यांना समोरासमोर बसवलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला विचारलं, "तुमच्याकडे वडिलांचा फोटो आहे?"

"नाई भाऊ. हाच हाय."

त्यांनी तिथंच तडजोडीची तयारी दाखवली. न्यायालयानं परवानगी दिली आणि खांब तिच्या ताब्यात मिळाला. तो पोचवायला मालक स्वतःची गाडी घेऊन आले. मीही गेलो. कर्तव्य म्हणून नव्हे, मला पाहायचं होतं.

वाटेवरची जागा रिकामीच होती. गावकऱ्यांनी तिथं खड्डा खणून खांब उभा केला. मालक म्हणाले, "मी वर पत्र्याचं छत करून देतो. वाळवीचं औषधही मारू. पुढची पन्नास वर्षं टिकेल."

"नको भाऊ. पाणी लागू द्या त्याले," ती म्हणाली. "आमच्यात खांब राखत नाई. उभा केला का तो हळूहळू मातीत जाते. तो मातीत गेला का माणूस पोचला म्हणतात. तुम्ही तर त्याले थांबवूनच ठेवलं होतं."

"पण फोटोही नाही म्हणालात तुम्ही," मालक म्हणाले.

"नाई. तरी."

ज्यानं निवृत्तीनंतरची वर्षं जुनं लाकूड वाचवण्यात घातली, त्याला हे समजायला जड गेलं असणार.  पण त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ते खड्ड्यात माती लोटू लागले.

त्या प्रकरणानं माझी एक सवय बदलली. तोपर्यंत चोरीची फिर्याद आली की मी विचारायचो, वस्तू कोणी नेली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी आधी विचारत आलो, ती तुमच्याकडे कुठून आली. या प्रश्नावर बरेच फिर्यादी रागावले. काही उठूनही गेले. पण कितीतरी तपास तिथूनच वळले.

त्या दिवशी निघताना मी मागं वळून पाहिलं. परिचारिकेची म्हातारी आई कोयत्याच्या पात्यानं खांबावरचं पॉलिश खरवडत होती आणि गोंडीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी लेकीला त्याचा अर्थ विचारला.

"म्हणते, आता ओळखू आला."