परसादाची वाटी

बेलापूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या साखर कारखान्यात सूर्यभान स्लिपबॉय होता. वय पन्नाशीला टेकले, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी हुद्द्याचे नाव तेच राहिले. कोणाचा ऊस कधी तोडायचा याची चिठ्ठी शेतकी खात्यातून निघे. ती सायकलवरून वस्तीवर नेऊन पोचवणे हे त्याचे काम. ज्याच्या हाती चिठ्ठी, त्याची सरबराई ठरलेली. कुठे पाकासारखा चहा, कुठे रस, कुठे ताटलीत काकवी आणि वर तूप. सूर्यभान मुळातच गोडघाशा, त्यात नोकरी ही अशी.

१९७० च्या हंगामात तो एकाएकी वाळत चालला. तहान भागेना. मी हिशेब खात्यात होतो आणि नगरचे एक डॉक्टर माझ्या ओळखीचे होते, म्हणून मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी लघवी तपासली, मग तळपायाला टाचणी टोचली. सूर्यभानला ती कळलीच नाही.

"साखर, गूळ, रस, काकवी सगळं बंद," डॉक्टर म्हणाले. "आणि पायाला जखम होऊ द्यायची नाही. झाली तर भरणार नाही. मग पायच काढावा लागेल."

परतीच्या एस.टी.त तो तळपाय चोळत बसला होता. राहुरी आल्यावर म्हणाला, "साहेब, पाय गेला तर सायकल कोन मारनार?"

त्याची बायको चांगुणा हिने त्याच संध्याकाळी घरातला गूळ आणि साखर जावेला देऊन टाकली आणि स्वतःही गोड सोडले. "ह्यांना कडू आन मला गोड, आसं एका चुलीवर कसं व्हईल?" ती मला म्हणाली.

त्याने पथ्य मनापासून पाळले. सकाळी कारल्याचा रस प्यायचा, खिशात मेथ्या ठेवायचा आणि गोडाची आठवण झाली की चार दाणे चावायचा. हंगामात आमच्याकडे हवेलाही उकळत्या रसाचा वास असतो. "वासाचं औशिद डाक्टरनं दिलं न्हाई," तो म्हणायचा.

खरी अडचण वस्त्यांवर झाली. नदीकाठच्या गहिनीनाथाने रसाचा पेला पुढे केला आणि सूर्यभानने हात जोडले.

"का वो सूर्यभानराव, आमचा रस नको? आमची चिठ्ठी मागं सरकली का काय?"

"न्हाई बाबा. साखरंचा आजार झालाय."

"साखर कारखान्याच्या मानसाला साखरंचा आजार? मग उद्या फौजदाराला चोरीचा व्हईल."

लोक हसले, पण मनात शंका घेऊन. याने दुसऱ्या कोणाचे तरी खाल्ले, म्हणून आपले नको म्हणतो, असे दोघातिघांनी बोलूनही दाखवले. सूर्यभानने तेही सोसले.

मग गहिनीनाथाने विहिरीवर नवी मोटर बसवली आणि सत्यनारायण घातला. सूर्यभान चिठ्ठी घेऊन पोचला तेव्हा आरती नुकतीच झाली होती. गहिनीनाथाची बायको राहीबाई वाटी घेऊन पुढे आली.

"मला चालत न्हाई, वहिनी."

"जेवान न्हाई चालत. ह्यो परसाद हाय. द्येवाला न्हाई म्हनता व्हय?"

त्याने हात पुढे केला, प्रसाद कपाळाला लावला आणि खाल्ला. केळ घातलेला रव्याचा शिरा. "साहेब, डोळ्याला पानी आलं," त्याने मला नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्याला काही झाले नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. यावरून सूर्यभानने ठरवले की देवाची साखर अंगाला लागत नाही. चहा, रस, लग्नाच्या पंगतीतली बुंदी यांना तो आधीसारखेच हात जोडत राहिला. पण कोणत्या वस्तीवर कोणाची पूजा आहे हे आता त्याला भटजींच्या आधी कळू लागले. शिपाई छगन त्याला टोचायचा, "सूर्यभानबुवा, आज दर्शन कुठलं? रव्याचं का गव्हाचं?"

मी एकदा त्याला बाजूला घेऊन समजावले. तो शांतपणे म्हणाला, "तुमी शिकल्यालं मानूस. तुमच्या घरात कुनी परसाद नाकारल्याला सांगा."



चांगुणाला तर त्याच्या हाताच्या तुपाच्या वासावरून सगळे कळत होते. "चहा आसता तर कप फोडला आसता," ती म्हणाली. "द्येवाम्होरं काय फोडू?"

बाहत्तर सालच्या श्रावणात आभाळ कोरडे राहिले. पाऊस पडावा म्हणून वस्तीवस्तीवर पूजा झाल्या, एरवीपेक्षा जास्त. सूर्यभान प्रत्येक ठिकाणी चपला बाहेर काढून अनवाणी आत जायचा. अशाच कुठल्यातरी अंगणात त्याच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. त्याला पत्ताच नव्हता. त्याच पायाने तो पुढे सायकल मारत राहिला. एका संध्याकाळी पाय धुताना त्याला घाण वास आला आणि त्याने चांगुणाला हाक मारली. तिने कंदील खाली धरला. अंगठा काळा पडला होता आणि ती काळी कड घोट्याकडे चालली होती.

नगरला त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. चिठ्ठ्या वाटायला त्याच्या जागी दुसरा माणूस आला. त्या वर्षी ऊसही फारसा नव्हता, चिठ्ठ्याही थोड्याच निघाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्याला भेटायला गेलो. तो ओट्यावर बाजेवर बसला होता. आम्ही बोलत होतो तेवढ्यात शेजारची लंकाबाई पळसाच्या पानाने झाकलेली वाटी घेऊन आली.

"दादांना येता येत न्हाई, म्हनून मीच आनला."

ती गेल्यावर चांगुणा म्हणाली, "रोज येतोय कुठून ना कुठून. लोकं मायेची हायती."

प्रसाद उकिरड्यात टाकता येत नव्हता. गाईला घालावा तर गाय दुष्काळातल्या गुरांच्या छावणीत होती. सूर्यभानने हात पुढे केला. चांगुणाने वाटी बाजूला घेतली.

"तुमच्या वाटनीचा मी खानार. पाप लागलं तर मला लागू द्या."

ती भिंतीला टेकून बसली, वाटी कपाळाला लावली आणि खाऊ लागली. सूर्यभान तिच्या तोंडाकडे बघत होता.

"केळ हाय का गं?"

"हाय."

"तूप?"

"बेताचंच."

"गोड झालाय?"

तिने घास गिळला. "झालाय."

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. मग उरलेला पाय बाजेवरून माझ्याकडे सरकवला.

"साहेब, तुमी चष्मा लावता. ह्या करंगळीला काय झालंय का बघा बरं. मला कळत न्हाई."

मी वाकून पाहिले. करंगळीच्या आतल्या बाजूला काळे पडले होते. मी मान वर केली तर चांगुणा माझ्याकडेच बघत होती. तिला ते आधीपासून माहीत होते.

"उजेडात नीट बघू," मी म्हणालो. दुपारचे ऊन ओट्यावर लख्ख पडलेले होते.

चांगुणाने वाटी बोटाने पुसून रिकामी केली, आणि लंकाबाईला परत द्यायची म्हणून धुऊन पालथी घातली.